भेकरची जन्मतारीख

नव्या भेकरवर बसल्यावर माझे पाय जमिनीपासून बरेच वर राहिले. किती वर, ते मी नीट पाहू शकले, कारण शोरूममधल्या विक्रेत्याने गाडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि मला खाली बघण्यापलीकडे दुसरं काम नव्हतं.

"मावशी, काकांसाठी बघताय का?" त्याने विचारलं.

काका, म्हणजे माझे पती धम्मपाल, त्या वेळी शोरूमच्या थंड पाण्याच्या मशीनपाशी उभे होते. त्यांना सायकलवरही चक्कर येते. मी विक्रेत्याला सांगितलं, की माझ्यासाठी बघतेय, आणि माझं लायसन्स गिअरच्या गाडीचं आहे. तो हसला. हसणं वाईट नव्हतं, पण रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून मी तीस वर्षं काढली आहेत; हसण्याची घनता मला कळते.

पूर्वपीठिका सांगण्याची मला सवय नाही, म्हणून एका वाक्यात सांगते. कॉलेजात असताना पेठच्या रस्त्यावर एक परिचारिका औषधांची पेटी मागे बांधून 'भेकर ९०' या मोटरसायकलीने नदीच्या पात्रातून, दगडगोट्यांवरून, पदर खोचून पलीकडे गेलेली मी पाहिली होती. संपली पूर्वपीठिका.

ती भेकर छोटी होती. टू-स्ट्रोक इंजिन, उंच उचललेला सायलेन्सर, दातेरी टायर, वाटीएवढा दिवा. डोंगरातल्या पायवाटांसाठी बनवलेली. तिच्यात अनावश्यक असं काहीच नव्हतं. एखादं समीकरण दोन्ही बाजूंनी काटून काटून शेवटी उरतं तेवढंच तिच्यात उरलं होतं. ती बनवणारी कंपनी पुढे बंद पडली. यावर्षी दुसऱ्या एका कंपनीने नाव विकत घेऊन नवी भेकर काढली. 'ती परत आली आहे', असं जाहिरातीत म्हटलं होतं. नवी भेकर देखणी आहे, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. पण ती जुनीच्या दुप्पट वजनाची आहे, तिला फोन जोडता येतो आणि तिच्यावर चढायला मला स्टूल लागतं. नदीच्या पात्रात स्टूल कोण धरणार?

"मग जुनीच शोधू," मी घरी येताना म्हणाले.

"शोधायला काय हरकत आहे," धम्मपाल म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि जी गोष्ट होणार नाही तिला ते नेहमी संमती देतात.

पण ती सापडली. सटाण्याच्या अलीकडे एका वस्तीवर, बहिरूआबा नावाच्या शेतकऱ्याच्या कांदाचाळीत. चाळीचं दार वाऱ्याने उघडू नये म्हणून बहिरूआबांनी भेकर दाराला टेकवून ठेवली होती. अंगावर कांद्याच्या टरफलांचा थर, सीटमध्ये चिमण्यांचं घरटं. पण सांगाडा सरळ होता, टाकी शाबूत होती आणि ती टाकी अजून लाल होती.

"गाडी चांगली शे," बहिरूआबा अहिराणीत म्हणाले. "फक्त चालत नही."

"विकाल का?"

"तुमी लई जा. पण मंग दारले काय लावू?"

हा खरा प्रश्न होता. दगड लावून पाहिला होता; तो सरकतो. बैलगाडीचं चाक लावलं होतं, ते घरंगळतं. भेकरच्या टायरचे दात मात्र मातीत रुततात आणि दार हलत नाही. दरवाजा रोखण्यासाठी इतकी योग्य वस्तू मीही दुसरी सुचवू शकले नाही. आमचा व्यवहार तिथेच थांबला असता, पण आबांच्या पत्नी लंकाबाई आतून ओरडल्या, "लई जाऊ द्या तिले! दर साल मनं लुगडं फाडस ती!"

तडजोड अशी ठरली, की मी दाराला टेकवायला तितकीच जड आणि न सरकणारी वस्तू आणून द्यायची. आमच्या गच्चीवर बंद पडलेला फ्रीज होता. धम्मपालांचा त्यावर जीव होता. ते म्हणायचे, एकदा गॅस भरला की चालेल. चौदा वर्षं ते असं म्हणत होते. आम्ही टेम्पोतून फ्रीज घेऊन गेलो आणि भेकर घेऊन आलो. निघताना धम्मपालांनी फ्रीजच्या दारावर हात ठेवला. मी दुसरीकडे पाहिलं.

गाडीची नोंदणी मात्र कधीच संपली होती. ती नव्याने करून घेतली नाही, तर कागदोपत्री भेकर म्हणजे लोखंड. रस्त्यावर आणता येणार नाही, आणि कोणी उचलून भंगारात टाकली तर मला तोंड उघडता येणार नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी आधी गाडी सुरू तर होऊ दे, असा मी विचार केला. शास्त्रज्ञ माणसं अशीच फसतात.

पाथर्डी फाट्याकडच्या आमच्या कॉलनीत गाडी उतरली आणि समोरचे निवृत्तीभाऊ लगेच फाटकाशी आले. ते सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर होते, आणि आता जगातल्या सर्व वस्तू लेथवर दुरुस्त होतात असं त्यांचं मत आहे.

"वहिनी, पिस्टन काढा. माझ्या ओळखीचा माणूस आहे. टर्न करून देईल."

"पिस्टन ठीक आहे, निवृत्तीभाऊ. मी मोजला."

"मग हँडल टर्न करून घ्या."

त्यांच्या पत्नी लताबाईंनी लिंबू-मिरची बांधायला सांगितली. "आमच्याकडे नसतं हो ते," धम्मपाल सौम्यपणे म्हणाले. मी त्यात भर घातली, की लिंबातल्या आम्लाने निकेलचा मुलामा जातो. लताबाईंना हे कारण जास्त पटलं.

मेकॅनिक म्हणून मिळाले गोटीराम. सातपूरला त्यांचं छोटं गॅरेज आहे. आल्या आल्या "जयभीम मॅडम" म्हणाले, टाकीला कान लावला आणि निदान केलं, "कॉइल गेली."

मी मीटरने कॉइल तपासली. कॉइल उत्तम होती.

"मग जाणार आहे," गोटीराम म्हणाले.

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघांनी ती गाडी पोर्चमध्ये खोलली आणि जोडली. गोटीराम प्रत्येक वेळी कॉइल म्हणत आणि प्रत्येक वेळी दुसरंच काही निघे, पण हा माणूस गंजलेला नटही असा सोडवायचा, की जणू झोपलेल्या बाळाच्या मुठीतून खुळखुळा काढतोय. आणि आतून काय निघत होतं! प्रत्येक भागाला एकच काम, आणि ते काम तो चोख करत होता. दोन नट काढले की चाक हातात. चार काढले की इंजिन मांडीवर. ज्याने कोणी हे आखलं असेल, त्याला माहीत होतं, की गाडी बिघडेल तेव्हा माणूस डोंगरात एकटा असेल आणि त्याच्याकडे फक्त दोन पाने असतील. यंत्राने माणसाची इतकी काळजी घेतलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. हे मी गोटीरामांना बोलून दाखवलं. ते हातातला नट पुसत म्हणाले, "मॅडम, म्हणूनच कंपनी बुडाली."

आता तेलाचं सांगते. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. वीस भाग पेट्रोल, एक भाग तेल. मी काचेच्या मोजपात्राने मोजून मिश्रण केलं, टाकीत ओतलं आणि हात धुवायला आत गेले. तेवढ्या वेळात निवृत्तीभाऊंनी, जुनं इंजिन आहे, कोरडं पडायला नको, म्हणून वरून थोडं तेल घातलं. ते गेल्यावर गोटीरामांनी, आपल्या हाताचं काही तरी पडू दे, म्हणून थोडं घातलं. आणि धम्मपालांनी बाटलीत उरलेलं तेल वाया जाऊ नये म्हणून ती उपडी केली. तिघांनीही हे प्रेमाने केलं. पोळीवर तूप वाढावं तसं. मला कोणीच काही सांगितलं नाही.

संध्याकाळी मी किक मारली. चौथ्या किकला भेकर बोलली.

आवाज तोच होता! कडक, कोरडा, छातीत वाजणारा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं आहे असं मला वाटलं, पण मग दिसेनासं झालं आणि लक्षात आलं, की तो धूर आहे. पांढरा, दाट, गुबगुबीत धूर. तो पोर्चमधून निघाला, फाटक ओलांडून गल्लीत शिरला, आणि मिनिटभरात निवृत्तीभाऊंचं घर धुरात गेलं. त्यात कांद्याच्या टरफलांचे अवशेष सायलेन्सरमध्ये तापल्यामुळे भजी तळल्यासारखा वास.

धुरातून लताबाईंचा आवाज आला, "अहो, डासांची गाडी आली! डाळ झाका!"

क्षणात अख्खी गल्ली जागी झाली. आमच्याकडे धूरफवारणीबाबत दोन विचारधारा आहेत: धूर आत येऊ नये म्हणून दारं लावणारे, आणि डास मरावेत म्हणून दारं उघडणारे. दोन्ही बाजूंनी धडाधड आवाज आले. मी गाडी बंद करायला गेले, तर लताबाई धुरातून प्रकट झाल्या. नाकाला पदर. "वहिनी, तुम्ही आणलंत का मशीन? बंद नका करू! जरा आमच्या बाथरूमच्या खिडकीपाशी सोडा ना!"

दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, डास गेले. तुलनेसाठी धूर न मिळालेली गल्ली तपासली पाहिजे, असं मी सांगितलं. ती गल्ली स्वतःच आमच्या दारात आली होती. "आमच्याकडे कधी?" त्यांनी विचारलं. "तुम्ही घरचं बघितलं, आमची पोरं डासांनी खायची का?"

तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. 'सततच्या पाठपुराव्याला यश! प्रभागात धूरफवारणीचा शुभारंभ!' खाली निवडणुकीला इच्छुक असलेल्या बंटीभाऊंचा हसरा फोटो, आणि मागे धूर. तो आमचा धूर होता. मला त्यातली माझी तुळस ओळखू आली.

संध्याकाळी बंटीभाऊ स्वतः आले. "ताई, रविवारी तुमची गाडी चार गल्ल्यांत फिरवायची. डिझेल माझ्याकडून."

"ती पेट्रोलवर चालते. आणि तो धूर औषधाचा नव्हता, भाऊ. मिश्रण चुकलं होतं. मी ते ओतून टाकलंय. आता धूर येत नाही."

बंटीभाऊंनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अत्यंत समजूतदार स्वरात म्हणाले, "मग परत चूक करा ना, ताई."

मी नाही म्हटलं. ते रागावले नाहीत, पण त्यांच्या विरोधकांनी फ्लेक्स वाचला होता. त्यांनी तक्रार केली, की प्रभागात खोटी फवारणी चालू आहे. मग पालिकेचा एक सभ्य माणूस चौकशीला आला. त्याला फवारणीचं यंत्र सापडलं नाही. फाटकाबाहेर धुवायला काढलेली भेकर सापडली. त्याने नंबर पाहिला, मोबाईलवर शोधला, आणि हळहळत म्हणाला, "मॅडम, ही तर कागदावर नाहीच. रस्त्यावर उभी आहे म्हणजे बेवारस वाहन." आणि त्याने माझ्या लाल टाकीवर एक चिकटपट्टी लावली: पंधरा दिवसांत कागदपत्रं सादर करा, अन्यथा वाहन उचलून भंगारात जमा.

बेवारस! माझ्या देखत, माझ्या हातात धुण्याचं फडकं असताना.

आता नोंदणी लगेच करायला हवी होती. भेकर टेम्पोत घालून नेली आणि प्रदूषणाचं प्रमाणपत्र आधी घेतलं. जुन्या गाड्यांना मर्यादा सैल असते आणि माझं मिश्रण अचूक होतं, त्यामुळे भेकर पास झाली. तपासणारा म्हणाला, "धूर स्वच्छ आहे, पण भूक लागली." मग आम्ही आरटीओ कार्यालयात गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. तिथली माणसं चांगली होती आणि दोष त्यांचा नव्हता.

खिडकीवर चैताली मॅडम होत्या. त्यांनी माहिती भरली, थांबल्या, पुन्हा भरली.

"मॅडम, वर्ष एकोणीसशे शहाऐंशी टाकलं की चौकट लाल होतेय."

"का?"

"कंपनीने यादीत नाव चढवलंय ना नवीन. त्या यादीप्रमाणे भेकर यावर्षी मार्चपासून आहे. त्याआधीची भेकर घेतच नाही." त्यांनी स्क्रीनकडे आणि मग बाहेरच्या भेकरकडे पाहिलं. "म्हणजे कॉम्प्युटरच्या मते, तुमची गाडी होती तेव्हा अजून जन्मली नव्हती."

"मग आता?"

चैताली मॅडमनी आवाज खाली आणला. "यावर्षीचं साल टाकू का? काहीच अडचण येणार नाही. उलट पुढची पंधरा वर्षं बघायला नको."

"टाका ना!" धम्मपाल म्हणाले.

एक क्षण मलाही मोह झाला. पण ज्या वस्तूचं सगळं मोठेपण हेच, की ती इतकी वर्षं टिकली, तिची ती वर्षंच पुसून टाकायची? जुन्या माणसाला जिवंत राहण्यासाठी बाळ व्हायला सांगण्यासारखं होतं ते. "नाही," मी म्हणाले. "ती शहाऐंशीची आहे. तीच तारीख हवी."

"तुझी गाडी, तुझं तत्त्व," धम्मपाल म्हणाले. "आणि फ्रीज माझा."

चैताली मॅडमनी सुचवलं, की कंपनीकडून पत्र आणा, की पूर्वी भेकर होती. मी शोरूमला गेले. मॅनेजरने मुख्यालयाला फोन लावला, बराच वेळ "हो सर" म्हटलं आणि फोन ठेवला.

"सॉरी मॅडम. आमच्या कंपनीच्या नोंदीत जुनी भेकर नाही. आम्ही फक्त नाव घेतलंय."

मी भिंतीवरच्या जाहिरातीकडे बोट दाखवलं. "'ती परत आली आहे' असं तुम्हीच लिहिलंय. परत यायला आधी असावं लागतं ना?"

"ते मार्केटिंगचं आहे, मॅडम."

पंधरा दिवसांतले दोन उरले. पालिकेचा माणूस वचनाला जागणारा वाटत होता. भेकर टेम्पोत घालून, धम्मपालांना घेऊन मी पुन्हा आरटीओत गेले. चैताली मॅडम म्हणाल्या, "एकच मार्ग. 'इतर' या रकान्यात टाकायचं. पण त्याला मोठ्या साहेबांनी गाडी स्वतः तपासायला हवी. आणि साहेब..." त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही.

साहेब उंच, काटेकोर इस्त्रीतले आणि अबोल होते. आवारात नोंदणीसाठी आलेली एक नवी भेकर उभी होती. त्यांनी माझी तिच्या शेजारी उभी करायला लावली. दोन्हींभोवती फेरी मारली. सांगाड्यावरचा ठोकलेला नंबर बोटाने चाचपला. मग विचारलं, "चालते?"

"चालते."

"मी बघतो."

त्यांनी कोट काढून चैताली मॅडमच्या खिडकीत ठेवला, भेकरवर बसले. गुडघे कोपरांपर्यंत आले. पहिल्या किकला ती सुरू झाली, आणि साहेबांच्या चेहऱ्यावर, कपाळाकडून खाली, काहीतरी सैल होत गेलं. ते आवारात एक फेरी मारणार असं सगळ्यांना वाटलं. ते फाटकातून बाहेर गेले आणि डोंगराच्या दिशेने दिसेनासे झाले.

आम्ही वाट पाहिली. लोक खोळंबले. चैताली मॅडमनी दोनदा फोन केला. तो कोटात वाजला. धम्मपाल म्हणाले, "चोरीला गेली म्हणायची का?" मी म्हणाले, की कागदावर जी वस्तू नाही ती चोरीला जाऊ शकत नाही. हे तर्कशुद्ध होतं, पण मी फाटकावरची नजर काढली नाही. साहेबांना काही झालं असतं, तर भेकर कोणत्याच रकान्यात बसली नसती.

अखेर फाटकात साहेब दिसले. चालत. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, बूट मातीने माखलेले, पँटवर गोखरू. भेकर ढकलत आणत होते. सगळं कार्यालय उभं राहिलं.

"पेट्रोल संपलं," साहेब म्हणाले.

मला बोलवेना, पण खोटंही बोलवेना. "साहेब, रिझर्व्ह होतं."

साहेबांनी वाकून टाकीकडे पाहिलं.

"कुठे?"

मी टाकीखालची छोटी चावी दाखवली. साहेबांनी ती फिरवली, किक मारली. भेकर सुरू झाली. त्यांनी ती बंद केली. धम्मपालांनी हळूच माझा हात धरला.

"ओढा उतरलो," साहेब अखेर म्हणाले. कोणालाच उद्देशून नाही. "पलीकडची चढण गेली. मग एक पायवाट होती, ती कुठे जाते बघावं म्हटलं." त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि नव्या भेकरकडे मान वळवली. "ही असती तर तिथेच सोडून आलो असतो. ही मात्र," त्यांनी माझ्या टाकीवर हात ठेवला, "ढकलायलासुद्धा बरी आहे."

मग ते चैताली मॅडमकडे वळले. "'इतर'मध्ये घ्या. वर्ष शहाऐंशी. शंका आली तर सांगा, मी स्वतः तपासलीय. उद्या सकाळी माझी पाठ दुखेल, तो पुरावा."

संध्याकाळी कागद हातात आला. धम्मपाल रिक्षाने गेले. मागे बसायचं धाडस नव्हतं त्यांचं, पण "सावकाश ये" हे त्यांनी भेकरला सांगितलं, मला नाही. मी चिकटपट्टी ओल्या फडक्याने काढली, कागद पर्समध्ये सर्वांत वर ठेवले आणि निघाले.

मला वाटलं होतं, कोणी तरी अडवेल. अशी गाडी, अशी स्वार, कोणालाही संशय यावा. पहिल्या चौकात मी हवालदारासमोरून मुद्दाम हळू गेले. त्याने पाहिलंही नाही. दुसऱ्या चौकात मी पर्स हँडलला अडकवली, म्हणजे वेळ जायला नको. तिथला हवालदार एका टेम्पोवाल्याशी भांडत होता. शेवटी मुंबई नाक्याच्या सिग्नलला मी थेट वाहतूक पोलिसाच्या शेजारी गाडी उभी केली, दिवा हिरवा झाला तरी हलले नाही, आणि कागद काढून त्याच्यापुढे धरले.

"सगळं आहे," मी म्हणाले. "बघा. नोंदणी, विमा, प्रदूषण. वर्ष शहाऐंशी."

त्याने कागदांकडे पाहिलं नाही. मागे भोंग्यांचा कल्लोळ झाला होता. त्याने हात उंच केला आणि रस्ता मोकळा करून दिला.

"मॅडम, तुम्हाला कोण अडवतंय? पुढे व्हा."

मी पुढे झाले.